एकवीस दिवस अळणी

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार

चहा बंद. साखर, मैदा, गहू, दूध, तेल, तूर, वांगं, शेंगदाणा, जवस, मिरची, मीठ — बंद. बाजारातली पुडी म्हणून जे जे असते ते बंद. उरलं काय? बिनपॉलिशचा तांदूळ, मूग, भोपळा, तीळ, आवळा, लिंबू, आलं, कोथिंबीर. अन् डॉक्टरचं तत्त्वज्ञान. ते पोटभर देते.

चंद्रपूरचा निसर्गोपचारवाला आहे हा. भिंतीवर उगवता सूर्य, टेबलावर मधाची बाटली, अन् स्वतःचं पोट असं का बाटली रोज बदलत असन. म्हणते, "शरीर बोलत असते, आपण ऐकत नाही." माझं शरीर बोलत नाही, खाजवते. पोळ्यापासून उजव्या हाताची बोटं फुटून राह्यली. फोड येते, पाणी वाहते, कातडी वाळून उकलते, पुन्हा फोड. दोन डॉक्टरांची मलमं झाली, बाबाचा कडुनिंब झाला. आता हे.

सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला त्यानं. एकवीस दिवस एवढंच खायचं. घरी शिजवलेलं. चटण्या स्वतःच्या हातानं वाटलेल्या. मग दर तीन दिवसांनी एक-एक वस्तू सुरू करायची. ज्या वस्तूनं हात बिघडन, ती चोर.

मले चोर पाहिजे, बाकी काही नाही. खुशालले नागपूरले चाळीस पानं पाठवायची आहेत, एकतीस डिसेंबरच्या आत. त्याच्या अनियतकालिकाचा अख्खा अंक म्हणजे माझी एक गोष्ट — शेवटपर्यंत पूर्णविराम नसलेली. ऑगस्टच्या अंकात छोटी आली होती. इथी सिंदेवाहीत कोणालेच समजली नाही, म्हणजे चांगलीच होती. आता मोठीची सहा पानं झाली अन् हात असा. डाव्या हातानं लिहून पाहिलं. चौथीतल्या पोट्ट्यानं लिहिलेलं वाटते.

११ नोव्हेंबर

बाबा रेल्वेतून रिटायर. छोट्या गाडीचे सांधे बदलण्यात जिंदगी गेली. आता माझ्या ताटात डोकावते.

"आमी स्टेशनावर थंडा भात खात होतो, तवा मीठ नसलं तं मास्तरले मागो. हा घरी बरणीभर मीठ ठेवून रडते."

पेन्शन सुरू झाल्यापासून बाबाले विनोद सुचून राह्यले. गाड्या वेळेवर सोडत होते तेच बरं होतं.

मायचं नाव आहे गावात. लग्न कोणाचंही असो, तिखट-मसाला अन् जवसाची चटणी बायनाबाईच्या हातची. तिच्या चुलीवर आता अळणी भोपळा उकडून राह्यला. भांड्यावर झाकण असं ठेवते का बाहेरच्यानं पाहू नये.

१३ नोव्हेंबर

पाट्यावर बसलो. आवळा, आलं, हिरवा सांबार — डॉक्टरच्या कागदावरची कोथिंबीर. वरवंटा डाव्या हातानं. आवळा पाट्यावरून पळते, मी त्याच्यामागं. अर्ध्या तासानं जे झालं ते चटणी नव्हतं. बांधावरचा चिखल होता, आंबट.

तेवढ्यात केसरबाई. भिंतीपलीकडचं आकाशवाणी केंद्र.

"काऊन बायनाबाई, पोरगं पाट्यावर? सून पायली असती तं. स्वतःच सून होऊन राह्यला का हा?"

माय म्हणे, "डाक्टरनं सांगतलं."

"सांगतलं तं डाक्टरच्या बायकोले वाटू दे."

केसरबाईच्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात. मसाला मायकडेच. म्हणून बाई दिवसातून चार खेपा मारते, मिरच्यांचे देठ खुडून झाले का ते पाहायले. माझ्या चटणीत बोट बुडवलं, चाटलं, अन् मोरीजवळ जाऊन थुंकली. वाचक असाच असते.

तिळाचं कूट मात्र जमलं. करपलं, पण जमलं.

१५ नोव्हेंबर

सकाळी मुगाचं पाणी. दुपारी मुगाचं पाणी, थोडं घट्ट. संध्याकाळी मुगाचं पाणी, थोडं पातळ. खुशाल याले कविता म्हणन. बोटातून रक्त. आता बस.

३० नोव्हेंबर, रविवार

पंधरा दिवस या वहीकडे आलो नाही. पेन धरताच येत नव्हतं. आज धरलं — हात बरा! गुलाबी कातडी आली, नवी, कोवळी. मूठ वळते.

एकवीस दिवस झाले. मी हरलो, मधाची बाटली जिंकली. डॉक्टरले मनातून हात जोडले, उलसे, थोडेसेच.

आता लोकांकडे पाहवत नाही. बाबा भज्याले हात घालते अन् मले त्यांची कीव येते. चौकात पंधरा माणसं कपबशीत तोंड घालून बसली असते, जशी गोठ्यात गव्हाणीले. अख्खं गाव तेलात तळून, साखरेत बुडवून स्वतःले मारून राह्यलं, अन् विचारलं तं म्हणते, आमाले काय धाड भरली? जिभेचे गुलाम. यांच्यासाठी लिहायचं?

माय सकाळपासून माझ्याभोवती फिरून राह्यली होती. शेवटी म्हणे, "जवसापासून सुरू कर नं बापा. बिनातेलाची वाटतो. मीठ उलसंच."

यादीत जवस नवव्या नंबरवर आहे. पण तिचं तोंड पाहून हो म्हणलं. एवढी दया चालते.

२ डिसेंबर

काल जेवताना चटणी घेतली, दोन बोटं. तीन आठवड्यांनी जिभेवर काही आलं. माय ताटासमोरून हलली नाही. मग संध्याकाळपर्यंत एका दमात नऊ पानं लिहिली. असं कधी झालं नव्हतं.

आज बोटं खाजवून राह्यली.

४ डिसेंबर

फोड. पहिल्यापेक्षा मोठे. चोर सापडला.

माय अंगणात मिरच्या घेऊन बसली होती. केसरबाई अन् अजून दोघीजणी देठ खुडून राह्यल्या होत्या. मी आतून जवसाची बरणी आणली अन् त्यांच्यासमोर उकिरड्यावर पालथी केली. हात दाखवला.

"हे पाहा. हे तुमच्या बायनाबाईची चटणी."

माय म्हणे, "तीस वर्सापासून सारं बंदं गाव खाऊन राह्यलं बापा."

"मंग बंदं गाव तुले सहन करून राह्यलं."

एका बाईचा हात मिरचीवरच थांबला. माय खाली पाहून देठ खुडत राह्यली.

हे विज्ञान आहे. एक वस्तू दिली, हात बिघडला, वस्तू गुन्हेगार. विज्ञानाले मायबाप नसते.

७ डिसेंबर

केसरबाई तिच्या मिरच्या घेऊन गेली.

"नणंद नागभीडवरून मसाला करून आनून राह्यली. तुले कायले तरास, बायनाबाई? घरात पोरगं बिमार."

माय म्हणे, "अर्ध्या निवडून झाल्या." मग टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं अन् तिच्या दारापर्यंत पोचवून आली. भिंतीपलीकडून ऐकू येतच होतं — "पोटच्या पोराले बाधते, मंग वऱ्हाड्यायले सोडन का?"

बाबा विनोद करत नाहीत दोन दिवसांपासून.

एका लग्नाचा मसाला गेला तं जग बुडत नाही. लग्नात लोकं तसंही पत्रावळीवर जे पडन ते गिळते. सतरंजीवर बसलेल्या माणसाले चव असते हा एक जुना गैरसमज आहे.

हात तसाच.

९ डिसेंबर

जवस सोडून पाच दिवस झाले. पुन्हा फक्त मूग-भात. तरी हात बिघडूनच राह्यला. म्हणजे चोर अजून घरात आहे. विचार केला अन् सापडलं — पाटा. तीस वर्षांचं तिखट त्या दगडात मुरलं आहे. माझी आवळ्याची चटणीही त्याच्यावरच वाटली जाते.

मायले सांगितलं. तिनं पाटा कमरेवर उचलला, मागच्या अंगणात नेला अन् अर्धा दिवस राखेनं घासला. मग गरम पाण्यानं. मग पुन्हा राखेनं. मधात एकदा कंबर धरून उभी राह्यली.

"आता पाह्य," म्हणे. दगडाकडे पाहून बोलली.

गोष्ट एकोणीस पानांवर. रोज कसाबसा दीड पान. लिहिताना दात चावतो. पूर्णविराम नसलेलं वाक्य लिहिणं सोपं आहे असं ज्याले वाटते त्यानं माझा हात घ्यावा.

१३ डिसेंबर, शनिवार

थांबून थांबून लिहून राह्यलो. पेन्सिल आहे, तिच्यावर चिंधी गुंडाळली.

आज सोमारी आली. जंगलातल्या गावाहून दर हिवाळ्यात येते — चारोळी, डिंक, अन् बिब्बे फोडून काढलेली गोडंबी विकायले. मायसोबत तिचं जुनं आहे. ओसरीवर बसली, पाणी पिली, अन् माझा हात ओढला. विचारणं वगैरे नाही.

"बिब्बा उतला हा."

म्हणलं, "मावशी, हे खाण्यातून आहे. डॉक्टरनं यादी करून दिली."

"खाल्लेलं असं बोटं निवडून निंगते का?" तिनं स्वतःचे हात पुढं केले. काळे, चट्ट्याचट्ट्यांचे. "जिनगानी बिब्बे फोडून राह्यली म्या. हे पाह्य — करंगळी कोरी, बाजूचं कोरं. तीनच बोटं उतली. या तीन बोटानं दिसभर काय धरतं तू?"

हसू आलं मले. मग आलं नाही.

पेन आणलं. त्याच्यावर काळा दोरा आहे. बोटं घसरते म्हणून मायनंच गुंडाळून दिला होता, ऑगस्टमध्ये. मी कधी नीट पाहिलाही नाही. आज उकलला. आतून चिकट. दोऱ्याखाली पेनाचा रंग तपकिरी झाला होता. सोमारीनं वास घेतला. मायकडे पाहिलं अन् आपलं गाठोडं बांधाले लागली.

माय दारात उभी होती.

"गोष्ट छापून आली तवा बाया म्हनत, बायनाबाईच्या पोराच्या हाताले काय विद्या आहे. दीठ लागते अशा हाताले. म्हनून दोऱ्याले उलसा बिब्बा लावो. दर अवसेले नवा दोरा, तू न्हायाले गेला का." थांबली. "मले कधी उतला नाई. मायच्या मायलेही नाई. वाटलं, तू माह्या पोटचा, तुले कायले उतन?"

मी म्हणलं, "एक तारखेच्या, सोमवारच्या अवसेले?"

"तवा तं जास्तच लावला. हात बरा झाला होता नं."

सोमारी गेली. आम्ही दोघं तिथीच. मग माय म्हणे,

"मंग म्यांच केलं का रे हे?"

चाळीस पानं लिहिणारा माणूस मी. पेन जुन्या कागदात गुंडाळलं.

१५ डिसेंबर

केसरबाईकडे गेलो. अंगणात सहा-सात बाया गहू निवडून राह्यल्या होत्या. बरं झालं. म्हणलं, चटणी चांगली होती. माझं चुकलं. मायले तुमच्यासमोर बोललो, म्हणून इथीच सांगतो.

"मंग हात कायनं फुटला?"

"शाईनं. स्वस्तातली होती, बाधली."

केसरबाई म्हणे, "लेखकाले शाई बाधते? मंग कोंबडीले अंडं बाधत असन." बाया गव्हावर पडून पडून हसल्या. हसू दिलं. त्यांच्या जागी असतो तं मीही हसलो असतो. 'भैताड' कोण म्हणलं ते दिसलं नाही.

मसाला नागभीडहून येऊन गेला आहे. तो परत जात नाही. पण दिवस मावळायच्या आधी केसरबाई सुपात जवस घेऊन आमच्या दारात.

"गुरुवारी लग्न आहे. वाटतं का नाई सांग."

माय उठली नाही लगेच. माझ्याकडे पाहिलं. मी ताट घेऊन बसलो होतो, त्यात बाबाच्या वाटणीची वांग्याची भाजी होती, लाल तेल वर आलेली. खाऊन राह्यलो होतो.

"दे," म्हणे.

खुशालले कार्ड टाकलं: एकोणीस पानं झाली, चाळीस होत नाहीत, अंक दुसऱ्याले दे.

२० डिसेंबर

हात सुकून राह्यला. नवं पेन आणलं. सोबत काळ्या दोऱ्याची रीळ. दोन्ही मायच्या पुढ्यात ठेवलं.

ती हात लावे ना. मग म्हणे, "नुसत्या दोऱ्यानं का होते?"

"तू गुंडाळ तं."