कर्टिसच्या बरण्या

१४ ऑक्टोबर

मका! कर्टिसने राय धान्यात मका मिसळलाय. शपथेवर सांगतो. सर्दीतून उठून आज पहिल्यांदा व्हिस्कीच्या भट्टीवर गेलो, आंबवणाच्या टाकीवर वाकलो — काही नाही! राय आंबते तेव्हा मिरपुडीसारखी नाकात शिरते, ओल्या काळ्या पावाचा वास पार छपरापर्यंत चढतो. इथे नुसतं कोमट पाणी.

"मका किती घातलास?" मी विचारलं. जावईबापू म्हणतात, "पॉप, एक दाणा नाही. फेस बघा ना केवढा आलाय!" फेस होता खरा. टाकीवरून उतू जाऊन माझ्या बुटांवर सांडला. राय असतेच अशी, चिकट आणि भांडकुदळ, पाठ फिरवली की उतू जाते. मका बिचारा निमूट शिजतो. पण फेसाचं काय, यीस्ट जास्त टाकलं तरी येतो. मला शिकवतोय!

१५ ऑक्टोबर

कॉफी नुसती कडू. लोरेटाने स्वस्तातली आणली असणार. मुलगी माझी, पण लग्न झाल्यापासून काटकसर नवऱ्याची.

१९ ऑक्टोबर

राय घेऊन योडर आला. त्याला स्पष्ट सांगितलं, यंदा तुझ्या धान्यात दम नाही, जुनं भरून आणतोस. त्याने चार दाणे तोंडात टाकले, रवंथ केल्यासारखे चावले. मग म्हणाला, "राय तीच, अमोस. शेत तेच. मीही तोच." डुकरांसाठी भट्टीचा चोथा गाडीत भरला आणि हवापाण्याचं एक अक्षर न बोलता गेला. ताठा बघा! त्याची डुकरं वीस वर्षं माझ्याच चोथ्यावर पोसली आहेत.

२३ ऑक्टोबर

आजची ताजी धार जिभेवर घेतली. गोड आणि जाळ, बाकी शून्य. मका नाही तर काय हे? या नदीकाठी माझ्या बापाने राय आणि मोड आलेले जव सोडून तिसरा दाणा भट्टीत जाऊ दिला नाही. मी कर्टिसला म्हटलं, "मकाच ओतायचा असेल तर केंटकीला चालता हो, तिथे मक्याचीच गाळतात." तो म्हणतो, "ओतला असता तर आत्तापर्यंत गेलोही असतो, पॉप." तोंड बघा किती चालतं!

याला शिकवलं कुणी? मी. सुरुवातीची धार फेकायची, तिला रंगाच्या डब्याचा वास येतो. तो सरला की मधली धार, ती तेवढी पिंपात. शेवटी ओल्या कुत्र्याचा वास यायला लागला की पिंपातली नळी पुन्हा बाजूला फिरवायची. नेमकी कधी, हे कुठलं यंत्र सांगत नाही. तळव्यावर घ्यायची, चोळायची, हुंगायची. बापाने मला दिलं ते मी, पोटी मुलगा नाही म्हणून, जावयाला दिलं. सापाला दूध पाजलं!

२८ ऑक्टोबर

चोर! कोळशाच्या ढिगामागे बरण्या सापडल्या. पोत्याखाली झाकून ठेवलेल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, पाण्यासारखी स्वच्छ दारू. मी जेवायला गेलो की हा नळी फिरवून माझा माल काढत होता!

भट्टीवरच पकडला त्याला. एक बरणी त्याच्या तोंडासमोर धरली. तो गडबडला नाही. म्हणाला, "वास घ्या तिचा, पॉप." मी झाकण काढलं, त्याच्यासमोर चांगला छाती भरून वास घेतला. म्हटलं, "घेतला! उत्तम माल आहे. म्हणून तर चोरलास!"

कर्टिस माझ्याकडे बघतच राहिला. मग एप्रन सोडला, खुंटीला नीट टांगला.

"बरं," म्हणाला. "चोरली."

कबूल केलं! स्वतःच्या तोंडाने! मी त्याला तिथल्या तिथे हाकलला. दारातून वळून वर मलाच हुकूम देतो, "मी नसताना पिंपं भरू नका." तू कोण रे सांगणारा?

२९ ऑक्टोबर

लोरेटाही गेली. त्याच्या आईकडे, युनियनटाउनला. जाताना रडली. "तो चोर नाही, डॅडी." मग कबूल का केलं? "ते मलाही सांगत नाही," म्हणाली. सांगेल कसा!

जाण्याआधी डुकराचं मटण आणि आंबवलेली कोबी करून ठेवली होती. नुसती आंबट. रागाने केलेल्या अन्नाला चव कुठून येणार.

२ नोव्हेंबर

भरली पिंपं. मुद्दाम! एकट्याने धार काढली. पहिल्या थेंबापासून स्वच्छ, रंगाचा वास औषधालाही नाही. फेकायला काही निघालंच नाही! तो फेकायच्या नावाखाली किती पळवत होता ते आता कळलं. मिरपूड अजून लागत नाही, पण ती आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात उतरेल, चार वर्षांत. पिंपांवर खडूने माझं नाव घातलं. फक्त माझं.

५ नोव्हेंबर

घर फार शांत आहे. बिस्किट तेवढा सोबतीला. कुत्रा बरा जावयापेक्षा.

८ नोव्हेंबर

लोरेटा हिवाळी कोट न्यायला आली. दारातच नाक दाबून ओरडली, "डॅडी! या घरात बसवतं तरी कसं तुम्हाला? बिस्किटवर स्कंकने पिचकारी मारलीय. रस्त्यापर्यंत घाण येतेय!"

बिस्किट रात्रभर माझ्या पायाशी झोपला होता.

भट्टीवर गेलो, कर्टिसची एक बरणी आणली, उघडून तिच्यापुढे केली. तिने तोंड फिरवलं. "शी! रंगाचा डबा." मग पिंपाचं बूच काढून दाखवलं. तिथेही तेच. फेकायची धार त्याने बरण्यांत काढली होती, मी ती पिंपात भरली.

म्हणजे माझं नाक गेलंय हे त्याला कळलं होतं. त्या दिवशी, मी छाती भरून वास घेतला तेव्हाच. आणि मला ते सांगण्यापेक्षा त्याने चोर म्हणवून घेतलं.

पिंपांवरचं नाव बाहीने पुसलं. लोरेटाला म्हटलं, फोन लाव त्याला. विचार, येतोस का — नळी फिरवायला.