न विचारता वाचलेला निबंध

बाई, तुमच्या शेवटच्या आजारात दिवेआगरला येणं मला जमलं नाही. तेव्हा बोलायचं राहिलं ते इतक्या वर्षांनी लिहितेय.

सातवीत तुम्ही ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता. मी लिहिलं की बाबा पोफळीवरून पडले, आता ओटीवर बसून असतात आणि आई दुसऱ्यांकडे सुपारी सोलायला जाते. तुम्हाला तो इतका आवडला की तुम्ही वर्गात मोठ्याने वाचलात. ज्यांच्या बागेत बाबा पडले त्यांची मुलगी माझ्याच बाकावर होती. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत आले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही घरी आलात. आई पाट मांडायला उठली, तोवर तुम्ही चुलीपाशी माझ्या शेजारी खालीच बसलात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही म्हणालात, “मी तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं.” मी उत्तरसुद्धा दिलं नाही. तुम्ही कधी उठताय याचीच वाट बघत होते.

आता मी माहितीपट करते. गेल्या वर्षी म्हसळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर काम चालू होतं. सकाळची एसटीची गाडी बंद झाल्यापासून तिथल्या मुली आठवीनंतर घरी बसल्या आहेत. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवरून जातात. त्यातली एक सोळा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर बसलीय. मला नर्स व्हायचंय, आम्हाला गाडी पाहिजे, असं ठाम सांगतेय. पण भावाचा डबा आता मीच भरते, म्हणताना तिला रडू फुटतं. आम्ही कॅमेरा बंद करत नाही. खरं सांगते बाई, त्या क्षणी मला आनंद झाला. फिल्म मिळाली, असं वाटलं.

मुंबईच्या ज्या महोत्सवाला ती फिल्म पाठवणार होते, तिथले लोक म्हणाले, सुरुवातच या रडण्याने करा. तरी आधी तिला दाखवावं म्हणून लॅपटॉप घेऊन मी वाडीवर गेले. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “ताई, रडलेला न्हाय पायजे. मी काय मागतेय, ता ऱ्हाव दे.” मी तिला समजावू लागले, की लोकांना त्यानेच पाझर फुटेल, तुमचंच काम होईल. ती मान खाली घालून गप्प बसली. मीही अशीच गप्प बसले होते, चुलीपाशी. मग मला पुढे बोलवेना.

रडणं मी काढलं. महोत्सवाने फिल्म घेतली नाही. मग आम्ही ती ग्रामसभेत दाखवली, भर दुपारी, खिडक्यांना चादरी लावून. फिल्म संपल्यावर ती मुलगी उठली आणि गाडीची मागणी तिने सगळ्यांसमोर पुन्हा केली. तालुक्याहून आलेले साहेब अर्ज द्या म्हणाले. मुलींनी तिथेच बसून तो लिहिला. गाडी अजून सुरू झालेली नाही. होईपर्यंत मी जात राहणार आहे, आणि दर वेळी आधी विचारणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तो रडण्याचा तुकडा पुसून टाकला असं मी तिला सांगितलंय. तो अजून माझ्याकडे आहे, बाई.