माझ्या जागी आलेल्या बाईस

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय पूर्वी टीव्ही मालिकांत अभिनय, हल्ली काही नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम एक. बँकेतली ठेव माझ्या मुलाला, दादूला. नऊ वर्षं मी एकाच मालिकेत आई होते. पडद्यावरच्या लेकाला रोज भरवलं. दादूला माझ्या थोरल्या बहिणीनं वाढवलं. तो तिलाच आई म्हणायचा, यात त्याचा दोष नाही. आता वाढदिवसाला त्याचा फोन येतो. "बरी आहेस ना?" मी हो म्हणते.

कलम दोन. घशातली गाठ काढायची म्हणून मी सहा आठवड्यांची रजा मागितली. निर्माते म्हणाले, "निवांत बऱ्या व्हा, भूमिका कुठं पळून जाते?" पंधराव्या दिवशी इस्पितळातल्या टीव्हीवर माझी निळी शाल पांघरून दुसरीच बाई माझ्या लेकाला रागावत होती. गोळ्या द्यायला आलेली नर्स म्हणाली, "ही नवीन बरी वाटते, नाही का हो मावशी?" तिनं मला ओळखलं नव्हतं. मला बोलायची मनाई होती, म्हणून नुसती मान हलवली. निर्मात्यांना मी काही ठेवत नाही, क्षमासुद्धा.

कलम तीन. राहतं घर त्या दुसऱ्या बाईला, ती हयात असेतो, नंतर दादूला. अकरा वर्षं मी तिला पाण्यात पाहिलं. मग मालिका बंद पडली आणि एका दुपारी ती दारात उभी. म्हणाली, "ताई, तुमचे जुने भाग बघून मी तुमच्यासारखं चालायला शिकले. आता माझी स्वतःची चाल आठवत नाही." मी दार लावणार होते. चहा टाकला. तेव्हापासून दर गुरुवारी येते. भाड्याच्या खोलीत एकटी राहते. यातलं तिला काही ठाऊक नाही. दादू, हरकत घेऊ नकोस. तिच्याशिवाय या घरात कोणी बसलेलं नाही.

कलम चार. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. त्यांनी दादूला कधी पाहिलेलं नाही. तो आलाच, तर आपण माझा मुलगा आहोत हे त्यानं सांगावं.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: सहा नोव्हेंबर
सही

साक्षीदार: १. शेजारची शिंपीणबाई (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)