घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं

आबा, तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. परवा रविवारी भिवंडीत एका शाळेच्या हॉलमध्ये भांडलो, आणि हरलो.

अंजूरच्या ओटीवर कोळशानं पट आखून तुम्हीच मला बुद्धिबळ शिकवलंत. आपला नियम जुना. प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचतं, तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. शाळेत गुरुजी म्हणाले, स्पर्धेत कुठल्याही घरात वजीर घेता येतो, तालुक्याला खेळायला चल. मी धावत सांगायला आलो. तुम्ही पायाचा चिखल धुताय. वर न बघता म्हणता, "ज्याच्या घरात जाशील त्याचाच व्हशील. वजीर व्हायला निंगालाय. तालुक्याला मोठ्यांची पोरां खेलतान. तू बैलांना पानी दाव." मी पाणी दाखवलं.

आता आपल्या शेतावर गोदाम आहे, आणि मी मानकोलीच्या दुसऱ्या गोदामात माल उतरवून घेतो. जेवणाच्या सुट्टीत खेळतो, नव्या नियमानं. पन्नाशीजवळ येऊन पहिल्यांदा स्पर्धेत नाव दिलं. समोर ठाण्याची कॉलेजातली मुलगी, रेटिंगवाली. मला पटकन हरवून घरी जायचं असल्यासारखी ती भराभर खेळली आणि तिथंच चुकली. शेवटी दोन राजे आणि थोडी प्यादी उरली, त्यांत माझं एक मोकळं सुटलेलं. मनात नामस्मरण चालू होतं, पण मधे मधे तुम्हीच येत होता. चषक नको होता, आबा. तुम्हाला एकदा खोटं पाडायचं होतं.

प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. माझ्या हातानं बाजूला पडलेला घोडा उचलून तिथं ठेवला आणि घड्याळ दाबलं.

"काका, वजीर नको?" मुलगी म्हणाली. मी पंचांकडे पाहिलं. "ठेवलं ते ठेवलं," ते म्हणाले. घोड्याला तिची दोन प्यादी अडवता आली नाहीत. तिनं वजीर केला. हात मिळवताना हळूच म्हणाली, "तुम्ही जिंकलेलात हो." नियम मला माहीत होता. हात तुमचा निघाला.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, तुमच्या फोटोपुढे लावला नाही. हा कागद फोटोमागे खोचणार होतो, तेही आता नको वाटतं. कारण एक गोष्ट उरते. घोडा ठेवल्यावर, ती मुलगी बोलायच्या आधी, मी मान वर करून पाहिलं होतं. तुम्ही "बरोबर" म्हणाल असं वाटलं होतं.