तुमच्या केकवरचा आरोप

ती. ताईंना,

आम्हा दोघांचा नमस्कार. (तुमच्या बहिणीने सांगायला सांगितलेला नाही, पण तिच्या वाटचा मी धरून चालतो.) तुमचा गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक, म्हणजे तुमची बहीण दर पंधरवड्याला पोट धरून झोपते, तेवढं सोडून.

तिला सिलिअ‍ॅक आहे हे कळल्याला वर्ष होईल. गव्हाचा कण पोटात गेला तरी तिचं आतडं बिघडतं, आणि त्यावर औषध एकच, तो कण जाऊ न देणं. तुमच्याकडे तिने तांदळाच्या पिठाचा केक खाल्ला, दुसऱ्या दिवशी आजारी पडली, आणि ताईने गव्हाच्या हातानेच पीठ कालवलं असणार, असं ठरवून तिने तुमच्याशी अबोला धरला. त्याला तीन महिने झाले. पण तुमच्याकडे न येताही ती त्यानंतर पाचदा आजारी पडली. माझ्यासारख्या निवृत्त मुद्रितशोधकाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. मी तपास हाती घेतला.

सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानापासून केली. पाकिटांमागची बारीक अक्षरं मी भिंगातून वाचतो. सोया सॉसमध्ये गहू निघाला, सुपाच्या पुडीत निघाला, चिप्सवरच्या मसाल्यातसुद्धा निघाला. (चाळीस वर्षांची सवय, हातात लाल पेन होतं. तीन पाकिटांवर खुणा करून झाल्यावर दुकानदाराचं लक्ष गेलं. ती तिन्ही आता आमच्या घरी आहेत आणि मला एकट्याला संपवावी लागताहेत.) मग बेकरी. काचेवर 'ग्लूटेनमुक्त' अशी ठसठशीत पाटी. बेकरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की या पावात गव्हाचा कण नाही. त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. चाळणी वेगळी आहे का विचारलं, तर म्हणाला, "चाळणी एकच आहे काका, पण झटकून घेतो ना!" मी पाव होता तिथे ठेवला. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तर माझे प्रश्न यापुढे लेखी पाठवायला सांगितले आहेत.

राहता राहिलं घर, पण घरात चूक सापडणं शक्यच नाही. तिचा तवा वेगळा, चाळणी वेगळी, टोस्टर वेगळा, झाऱ्याला ओळखू यावा म्हणून हिरवा दोरा. माझा गव्हाचा पाव टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या ताटलीत, माझ्या सुरीने. तरी तिचं वजन सहा किलोंनी उतरलंय, आणि कोणाकडे जेवायला जायचं म्हटलं की ती दारातूनच मागे फिरते. मला भीती वाटते, ताई. बाकी क्षेम.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. — जॅम. ती माझी सुरी मी पावावरून थेट जॅमच्या बरणीत घालतो, आणि बरणी मात्र दोघांत एकच. काल भिंगातून पाहिलं, तर आत माझ्या पावाचा चुरा. तुमच्याकडे आली त्या दिवशीही ती सकाळी जॅम खाऊनच निघाली होती. तुमचा केक निर्दोष होता.

आणखी एक ता. क. — हे मी तिला सांगितलेलं नाही. बरणी फुटली म्हणून थाप मारली आहे. कृपा करून रविवारी या. तुमच्यादेखत कबूल करीन, कारण मोठ्या बहिणीसमोर ती आवाज चढवत नाही. तोवर हे पत्र आपल्या दोघांतच राहू द्या.

ताई, हे मी लिहितेय. यांनी काहीही लिहिलं की चुका तपासायला माझ्यापुढे ठेवतात, सवयीने हेही ठेवलं. दोन निघाल्या, दुरुस्त केल्या. जॅमचं मला चार दिवसांपूर्वीच दिसलं होतं. यांना बोलले नाही, कारण बोलले असते तर तुला फोन करावा लागला असता, आणि कुठल्या तोंडाने करू ते कळेना. तुझं काही चुकलं नव्हतं. मला तुझी फार आठवण येते गं. रविवारी ये. यांच्यावर ओरडायचं ते मी शनिवारीच उरकून घेते, म्हणजे आपल्याला बोलायला अख्खा दिवस मोकळा.