आईची ढवळणी

हॅलिफॅक्स, कॅनडा
५ फेब्रुवारी १९६२

ती. बाबांस,
मार्सलीचा सा. न. वि. वि.

शेजारच्या डोलीनाकाकूंचं पत्र आलं. आई गेल्यापासून तुम्ही सकाळी नुसता चहा पिता, शिळ्या पावाचा तुकडा चावत मेंढ्यांकडे जाता आणि कोट तुमच्या अंगावर टांगल्यासारखा दिसतो, असं त्या लिहितात. घरचे ओट, पाणी आणि मीठ. एवढी लापशी तुम्हाला जमत नाही असं मला सांगू नका.

सुकवलेली सफरचंदं, बेदाणे, लवंगा आणि दालचिनी पाठवते आहे. इथे लापशीत हे सगळं घालून गरम गरम खातात. सकाळी तोंडावर वाफ आली की आपलं लुईस बेट आठवतं, तुम्ही तिथे उपाशी आहात हेही आठवतं, आणि घास उतरत नाही. खरं काय ते कळवा.

तुमचीच,
मार्सली


लुईस, स्कॉटलंड
१२ मार्च

चि. मार्सलीस अनेक आशीर्वाद.

लापशीत सफरचंद! तुझ्या आजीने पाद्रीबाबांना बोलावून तुझी दृष्ट काढवली असती. पण डोलीना दारात ठाण मांडून बसली, वाडगं रिकामं झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. खाल्ली. बरी लागली, डोलीनाला सांगू नकोस. लवंगा मात्र तिच्या कोंबड्यांनीही नाकारल्या.

आता खरं सांगतो. तुझ्या आईची ढवळणी, लापशी ढवळायची ती लाकडी दांडी, चुलीशेजारी खिळ्याला आहे, तिच्या मुठीने झिजून खाच पडलेली. तिला हात लावायचा मला धीर होत नव्हता, म्हणून लापशी बंद होती. तू नवी पाठवलीस ते फार बरं केलंस. कॅनडातली माणसं बुटकी असावीत. ढवळणी वीतभरसुद्धा नाही, बोटं भाजतात. पण लाकूड सुवासिक आहे. रोज धुऊन खिडकीत वाळवतो.

तब्येत सांभाळ.
तुझा बाप,
टॉर्किल


हॅलिफॅक्स
२ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसता हसता पुरेवाट झाली, आणि मग जे रडू आलं ते थांबेना. बाबा, ती ढवळणी नाही, दालचिनी आहे! झाडाची साल. आपल्याकडे ती नेहमी पूड होऊनच यायची, तुम्हाला तरी कसं कळणार? रोज उकळलीत तर वास जाईल आणि एक दिवस मोडेल. काळजी करू नका, आणखी पाठवते.

मला घरी यायचंय. उन्हाळ्यात सुट्टी मागावी असं मनात येतं, पण आईशिवायच्या त्या घरात पाऊल कसं टाकू, या विचाराने अर्ज तसाच राहतो.

तुमची माया असू द्या.
मार्सली


लुईस
२३ एप्रिल

चि. मार्सलीस आशीर्वाद.

साल तर साल, पण माझं काम तिने केलं. आज सकाळी ढवळतानाच मोडली. मी तुकडा हातात धरून उभा, आणि लापशी खाली लागायला लागली. तुझ्या आईने या घरात कधी लापशी लागू दिली नव्हती. हात आपोआप वर गेला आणि तिची ढवळणी काढली.

तिची मूठ लहान. माझी बोटं त्या खाचेत बसेनात. पोरी, मी लहान मुलासारखा रडलो, पण ढवळत राहिलो, तिच्या शिस्तीप्रमाणे उजवीकडेच. शुद्धीवर नसल्यासारखी दोघांची वाढली. गरम घास बुडवून खायला गार सायही दोन वाट्यांत काढली. दुसरी वाटी तशीच राहिली.

दालचिनी पाठवू नकोस. अर्ज दे आणि ये. ती मूठ तुझ्या हाताला बसेल.

वाट पाहतो आहे.
तुझा बाप,
टॉर्किल