एका इंजिनाची खंडेनवमी

बेंगळूर, दसरा १९८४

तीर्थरूप आईस,

तुझ्या भावकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे. खानावळीत भाकरीही मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

काल खंडेनवमीला, यंत्रं पुजून बंद ठेवायच्या दिवशी, मी इंजिन चालवलं. इथलं आपल्या काकती गावचं कुणीतरी तुला सांगेलच, म्हणून आधी मीच लिहितो. लाइट गेली की इथल्या कंपनीच्या कॉम्प्युटरला आपली भाड्यानं लावलेली दोन डिझेल इंजिनं वीज देतात. परवा चहाच्या हॉटेलात दोघे लाइनमन कन्नडात बोलत होते, नवमीला करंट जाणार. ते ऐकून मी काल सकाळी एकाच इंजिनाची पूजा केली.

दुपारी लाइट गेलीच. इंजिनावरचा हार बघून कंपनीचे साहेब ओरडले, "भावकू, कॉम्प्युटर बंद पडला तर उद्यापासून येऊ नका!"

"साहेब, सुट्टी एकालाच दिलीय," म्हणत मी दुसरं सुरू केलं. कॉम्प्युटर चालूच राहिला. साहेब लई हसले. पुढच्या वर्षीचं कामही आपल्यालाच दिलं.

आज दुसऱ्यालाही हार घातला, नारळ फोडला. देव रागावला न्हाय, याची मला खात्री आहे. तुझ्याबद्दल तेवढी न्हाय. म्हणून अक्काताईकडून "बरं केलंस" एवढं तरी लिहवून पाठव.

तुझा लेक,
भावकू